वाळूत रुतलेली गाडी

माझ्या मायला टरबूज वाजवून पिकलं की नाही ते कधीच कळलं नाही. शेतातलं सगळं तिला कळायचं. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून तो भरला का ते ती सांगायची, गाय आज विणार की उद्या ते तिच्या उभं राहण्यावरून सांगायची. पण टरबूज हे नदीचं पीक, आणि नदी आमची नव्हती. काठावरची काळी जमीन आमची, पाणी आणि वाळू भोयांची. म्हणून चैत्रात पाहुणे आले की माय मला भोयांच्या कौसाआत्याकडं पिटाळायची. कौसाआत्या वाळूतल्या टरबुजांच्या वाडीत उकिडवी बसून एकेका फळावर मधलं बोट वाजवत पुढं सरकायची, मान तिरपी करून ऐकायची, आणि मध्येच एकाला चापट मारून म्हणायची, "ह्ये ने. ह्ये तुझ्या बापाचं नाव घेऊन राह्यलं." ते फळ घरी कापलं की आत लालभडक निघायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिली फोड स्वतः न घेता मायपुढं धरायचे. त्यांच्या प्रेमाची मी पाहिलेली एवढीच एक खूण.

आमचं गाव पिंपळडोह, पूर्णा नदीच्या काठी, टेंभुर्णीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आमचं घर काठावर शेवटचं. परसातून पाऊलवाट सरळ नदीत उतरायची. पहाटे जाग यायची ती घागरींच्या आवाजानं. भोयांच्या बायका वाळूत हातानं उकरलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत, आणि पितळेत पडणाऱ्या पाण्याचा सूर घागर भरत येईल तसा बदलत जाई. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की कुणाची भरली. मग चूल पेटल्याचा वास, भाकरी थापल्याचा आवाज, आणि अण्णांचं खाकरणं. हिवाळ्यात कौसाआत्याचा मुलगा गणपत झिंगे आणून द्यायचा. माय ते लसूण-तिखटात परतायची, मात्र चूल वेगळी मांडून, परसात. आत येसराची आमटी, बाहेर झिंगे. गणपत आणि मी परसातच जेवायचो. त्याला मायच्या हातची आमटी हवी असायची, मला झिंगे.

वाड्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की नदी एका बाजूला सरकून बसायची आणि उरलेलं पात्र वाळूचं उघडं पडायचं. पौषात एक दिवस ठरवून सगळं गाव त्या वाळूत जमायचं. भोयांची एक ठरलेली काठी होती. तिनं वाळू मोजायची आणि एकेका घराला एकेक वाडी नेमून द्यायची. कागद नाही, सही नाही, सातबारा नाही. दर पावसाळ्यात नदी कूस बदलणार, मग लिहून ठेवायचं काय? पण पहिली वाडी ठरलेली. वळणावरची, जिथं पुराबरोबर आलेला गाळ सगळ्यात जास्त बसायचा, ती मानाची वाडी कौसाआत्याच्या घराची. तिच्या सासऱ्यानं एका मोठ्या पुरात गावातली लेकरंबाळं होडीनं काढली होती, तेव्हापासून. तिथं नारळ फुटला की मग बाकीच्यांची मोजणी सुरू व्हायची.

जालना तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले, आणि साहेबांबरोबर धरण आलं. गावाच्या खाली नदी दोन खडकांमधून जाते, त्या जागेला आम्ही उंबरा म्हणत असू. तिथं भिंत घालायची, भिंतीच्या पायथ्याशी वीजघर करायचं, आणि वीज नवीन जालन्याकडं, म्हणजे शहरातल्या बाजारपेठेच्या भागाकडं, न्यायची, असा बेत होता. आमच्या गावात त्या वेळी चावडीवर एक दिवा होता आणि वारं सुटलं की तोही जायचा. धरण झालं असतं तर पिंपळडोह आणि वरची दोन गावं पाण्याखाली गेली असती. शेतवाल्यांची निदान कागदावर नावं तरी होती. भोयांच्या वाड्या कुठल्याच कागदावर नव्हत्या. त्यांचं काय बुडणार, हे सरकारला दाखवायलासुद्धा काही नव्हतं.

समिती झाली. अण्णा अध्यक्ष, कारण गाव त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. मी चिटणीस, कारण मी बी. ए. होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. मोजणीवाल्यांची जीप आली की बायका थाळ्या वाजवत वाटेवर येऊन बसायच्या. सगळ्यात पुढं कौसाआत्या, तिच्या मागं बाकीच्या, आणि मायसुद्धा, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून, पण बसायची. जीप तासभर थांबून परत जायची. मोजणी कशीबशी उरकली असावी. पण उंबऱ्यातला खडक भोक पाडून तपासल्याशिवाय भिंतीचं काम पुढं सरकणार नव्हतं. त्यासाठी जड मशीन लादलेली मोठी गाडी वाळूतून न्यावी लागणार होती. ती गाडी बायकांनी दोनदा परत पाठवली.

आता माझं सांगतो.

मी तीन वर्षं घरी बसलो होतो. अर्ज करायचो, जालन्याला मुलाखतीला जायचो, परत यायचो. शेतात माझा उपयोग नव्हता आणि अण्णा ते बोलून दाखवत नसत, हे जास्त लागायचं. टेंभुर्णीच्या बाजारात एका चहाच्या टपरीवर धरणाच्या कामावरचा ओव्हरसियर मला भेटला. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, चष्मेवाला, मऊ बोलणारा माणूस.

"ती निवेदनं तुम्हीच लिहिता ना?" तो म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळे अक्षराचं कौतुक करतात."

मी चहाकडं पाहत राहिलो. शत्रूच्या तोंडून का होईना, तीन वर्षांत माझं पहिलं कौतुक होतं ते.

"धरण झालं की घरटी एक दाखला मिळतो. प्रकल्पग्रस्त म्हणून. त्यांना नोकरीत राखीव जागा असतात." त्यानं बशीत चहा ओतला. "आणि नाही झालं, तर तुम्ही आहातच निवेदनं लिहायला."

मला कुणी धमकी दिली नाही, कुणी काही हातावर ठेवलं नाही. तिसऱ्या भेटीत मीच त्याला सांगितलं की येत्या सोमवारी सगळं गाव मोर्चानं तालुक्याला, जाफराबादला, जाणार आहे, तुमची गाडी त्या दिवशी आणा. मोर्चाची नोटीस मीच माझ्या चांगल्या अक्षरात लिहिली होती. तो म्हणाला, गाडी जड आहे, वाळूत घट्ट पट्टा कुठं आहे ते आम्हाला कसं कळणार? मी म्हणालो, मी खुणा लावून ठेवतो.

रविवारी ऊन उतरल्यावर मी बगलेत पळाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घेऊन नदीत उतरलो. आदल्या हिवाळ्यात बैलगाड्या ज्या पट्ट्यावरून जात, त्या अंदाजानं काठापासून उंबऱ्याकडं वीस-वीस पावलांवर एकेक पळाटी रोवत गेलो. कौसाआत्या तिच्या वाडीत रोपांना पाणी घालत होती. वाड्यांना वाऱ्यापासून आडोसा म्हणून पळाट्यांचंच कुंपण करतात, त्यामुळं माझ्या बगलेतल्या ओझ्यात वावगं काही नव्हतं.

"काय करून राह्यलास रे भास्कर?" तिनं लांबून हाक दिली.

"काही न्हाई आत्या. कुंपण कसं लागतं ते शिकून राह्यलो."

"तू?" ती घागर कमरेवर घेऊन हसली. "अन् शिकून कुठं लावणार? कागदावर?"

मीही हसलो. घरी येऊन जेवलोसुद्धा. धपाटे होते आणि दही. चव अजून आठवते, म्हणजे मला तेव्हा काही फार वाटलं नसावं. हे लिहायला अवघड जातं, पण तसंच होतं. घाबरलो होतो, लाज मात्र नव्हती. लाज नंतर आली आणि मग गेलीच नाही.

सोमवारी पहाटेच गाव दोन कोसांवरच्या जाफराबादला निघालं. म्हातारे गाड्यांत, बाकीचे चालत. कौसाआत्या आली नाही. कोवळ्या वेलांना एक दिवस पाणी चुकलं तर वाळू त्यांना भाजून काढते, म्हणून दर वाडीला एक नाही, तरी सगळ्यांच्या वाड्यांसाठी मिळून एकजण मागं राहणं भाग होतं, आणि ती राहिली. मी घोषणा देत होतो आणि मनात हिशेब करत होतो की आता गाडी टेंभुर्णीला आली असेल, आता काठावर असेल. कचेरीपुढं मी भाषण केलं. तहसीलदारांनी निवेदन घेतलं, त्यावर काचेचा गोळा ठेवला, आणि सगळ्यांना पाणी पाजायला सांगितलं. कडुनिंबाखाली शिदोऱ्या सुटल्या. गणपत माझ्याजवळ बसून कांदा फोडत म्हणाला, "भाषण चांगलं केलंस. तू पुढारी होशील बघ." 

परत यायला दुपार कलली. काठावर पोचलो तर पुढची माणसं थबकलेली. खाली पात्राच्या मधोमध ती मोठी गाडी मागच्या बाजूनं वाळूत बसली होती. मागची चाकं दिसतच नव्हती, पुढची वर उचललेली, आणि मशीन दोरखंड ताणून तिरपं झालेलं. ड्रायव्हर चाँदभाई, जालन्याचा जाडजूड माणूस, गाडीच्या सावलीत मांडी घालून कौसाआत्यानं दिलेली भाकरी खात होता. ओव्हरसियर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, चष्म्यावर वाळू उडालेली, इकडून तिकडं फेऱ्या घालत होता. त्यानं मला पाहिलं. मला वाटलं, पायाला पाय लावून पळावं, पण मागं सगळं गाव होतं.

"हा!" तो माझ्याकडं बोट करून ओरडला. त्याचं मऊ बोलणं गेलं होतं. "हाच तो! यानंच सांगितलं सोमवारी या म्हणून. गावात कुणी नाही म्हणून. यानंच खुणा रोवल्या. याच्या खुणांवरून आणली गाडी!"

नदीच्या दुसऱ्या काठावर टिटवी ओरडत होती. मी अण्णांकडं पाहिलं नाही. पायाखालच्या वाळूकडं पाहत राहिलो.

मग माझ्या शेजारी कुणीतरी फिस्सकन हसलं. गणपत.

"आरं भास्कऱ्या!" त्यानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी पुढं कोलमडलो. "तूच बोलावलंस यांना? बोलावून मऊ वाळूत घातलंस? अन् आम्हाला बोलला न्हाईस एका शब्दानं!"

एवढं पुरलं. जे आरोप म्हणून बोललं गेलं होतं तेच गावानं उचलून धरलं. लोक उतारावरून पळत खाली गेले, कुणी मला खांद्यावर घेतलं, बायकांनी थाळ्या वाजवल्या. ओव्हरसियर ओरडत राहिला, "अहो तसं नाही, हा आमच्या बाजूनं होता!" आणि तो जितकं ओरडे तितके लोक जास्त हसत. खांद्यावरून मला अण्णा दिसले. ते वाळूत उभे होते. डोक्याचा पटका काढून त्यांनी डोळ्यांना लावला होता. मला खाली उतरवल्यावर ते जवळ आले आणि तोच पटका त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. वाकडा बसला. त्यांनी तो सरळही केला नाही, वळून निघून गेले.

बोलायची वेळ होती ती. मी बोललो नाही.

कौसाआत्या घागर घेऊन बाजूला उभी होती. रविवारी मी पळाट्या रोवताना तिनं मला पाहिलं होतं, हे मला त्याच क्षणी आठवलं. ती एकदा माझ्याकडं, एकदा अण्णांच्या पाठीकडं पाहत होती. मग पुढं आली आणि गावाला म्हणाली, "नाचून झालं का? आधी गाडीचं तोंड सडकेकडं फिरवा. मंगच बैलं जोडू."

चाँदभाई उठला. "अम्मा, इसका मुँह कैसा फिराना? भैंस है क्या ये?"

"म्हशीचं बी फिरवता येतं आम्हाला. तुला गाडीचं येत न्हाई?"

"तुम्हारी रेती ने पकड़ा ना उसको."

"मंग रेतीला सलाम कर, सोडंल."

आधी मशीन उतरवलं, मग चाकांखालची वाळू उपसून फळ्या आणि तुराट्या घातल्या, गाडीचं तोंड फिरवलं, आणि आठ बैलजोड्या लागल्या. सगळं गाव ओढत होतं. तोवर बायकांनी वाळूतच तीन दगडांच्या चुली मांडल्या. गाडी निघाल्यावर सगळे एकाच पंगतीला बसले, गाववाले, चाँदभाई, त्याचे दोन मजूर आणि ओव्हरसियरही. मायनं त्याला वाढलं. "पोटभर खा साहेब, तुमचा काय दोष," असं ती म्हणाली, आणि तो माझ्याकडं न पाहता मान खाली घालून जेवला. दिवस बुडता बुडता गाडी सडकेला लागली.

धरण झालं नाही. त्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा आली नाही, पुढच्या साली साहेब बदलले, दुसरीकडं जागा पाहिल्याचं ऐकलं, मग तेही ऐकू येईनासं झालं. एका रुतलेल्या गाडीनं धरण अडतं का, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही. बायका कितीतरी वेळा उन्हात बसल्या, त्यानं अडलं असं मला वाटतं. पण गावानं ते त्या गाडीच्या नावावर टाकलं, आणि गाडी माझ्या नावावर.

पुढच्या पौषात वाळू मोजायला गाव जमलं तेव्हा सरपंच म्हणाले, यंदा मानाची वाडी भास्करच्या घराला द्यावी. अण्णांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नारळ गणपतनं फोडला, माझ्यावर खूश होऊन. कौसाआत्यानं आपलं फावडं उचललं आणि चार वाड्या सोडून खाली, जिथं वाळू जाड आणि गाळ कमी, तिथं जाऊन उभी राहिली. एका सालासाठी म्हणून दिलेली वाडी मग कुणी परत मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. आमच्या घरात कुणाला वाडी लावता येत नव्हती. अण्णा ती वाट्यानं दुसऱ्याला द्यायचे. चैत्रात ढिगानं टरबुजं घरी यायची आणि माय त्यातलं एक हातात घेऊन वाजवून बघायची आणि खाली ठेवायची.

मला नोकरी लागली ती दाखल्याविना, नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत. नंतर त्याच कंपनीत वर चढलो. लग्न झालं, मुलं झाली, घर झालं. तक्रार करावी असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही, आणि हेच मला खटकायचं. दर दोन-तीन वर्षांनी गावात काही निमित्त निघालं की माझा सत्कार व्हायचा. गोष्ट वाढत चालली होती. एका भाषणात गाडी पार बुडाली, एकात दोन गाड्या झाल्या. घरी आल्यावर बायको विचारायची, "शाल पांघरताना तुमचा चेहरा लोक हाकलून देत असल्यासारखा का होतो हो?" मी म्हणायचो, ऊन होतं. मी स्वतःशी एक समजूत करून घेतली होती की ती माझी चूक होती. पावसाळ्यात नदीनं पात्र बदललं, मी जुन्या अंदाजानं खुणा लावल्या, गाडी रुतली. दोष माझा आणि पुण्य नदीचं, त्यात कुणाचं काय चोरलं? फक्त ती वाडी मनात आली की ही समजूत टिकत नसे.

अण्णा गेले, ते अखेरपर्यंत मला शूर समजून गेले. त्यांचं दिवसकार्य झालं, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कौसाआत्याकडं गेलो. ती अंगणात बसून टरबुजाच्या बियांना राख चोळत होती. पाठीला बाक आला होता, पण हात तसेच भराभर चालत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. टपरी, चहा, सोमवार, खुणा. सांगताना आवाज माझा मलाच परका वाटत होता.

तिनं बिया चाळणीत टाकल्या. "ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव आहे?"

"कुंपण वाडीभवती लागतं. तू लावत व्हतास नदीतून आडवं. ती वाट व्हती. अन् आपल्या मानसाला वाट दावायला पळाट्या काहून लागतील? ज्याला नदी ठाव न्हाई असाच कुणीतरी येणार व्हता." ती बोलताना बियांवरची फोलपटं फुंकत होती. "सकाळी तुम्ही गेल्यावर म्या त्या उपटल्या. तुझी वाट बराबर व्हती बरं का. घट्ट व्हती. गाडी सरळ उंबऱ्याला गेली असती. म्या त्या दहा-बारा पावलं अलीकडं लावल्या, मऊ वाळूत."

तीस वर्षं जपलेली समजूतही गेली. नदीनं मला वाचवलं नव्हतं. या बाईनं गाव वाचवलं, आणि वर मलाही.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणारच व्हते. तेवढ्यात तुझा बाप रडला." तिनं चाळणी खाली ठेवली. "त्या मानसाला म्या कधी रडताना पाह्यलं न्हवतं. मंग काय बोलू?"

"आणि वाडी? वाडी गेली तेव्हा?"

तिनं राखेचे हात पदराला पुसले. "वाडीचं लागलं," ती म्हणाली. "सासऱ्याची व्हती. लई लागलं."

मी म्हणालो, परवा वाळूची मोजणी आहे, मी सगळ्यांसमोर सांगतो. ती म्हणाली, "आता कशाला? सांगून तुला बरं वाटंल, मला काय?" मी म्हणालो, "वाडी." तिनं पुन्हा चाळणी उचलली आणि नको म्हणाली नाही.

मोजणीच्या दिवशी गाव वाळूत जमलं. कौसाआत्या कडेला घोंगडीवर बसली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मोठ्यानं, काही न वगळता. मला वाटलं होतं की लोक चिडतील. लोक चिडले नाहीत, त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

"भास्करराव, वडील गेल्याचं मनावर घेतलंय तुम्ही," नवा सरपंच म्हणाला. "थोडं बसा."

"शाळेत पोरायला आम्ही तुमचीच गोष्ट सांगून राह्यलो," मास्तर म्हणाले. "आता काय सांगू त्यायला?"

मागून कुणी म्हणालं, "मोठी मानसं अशीच असतात. श्रेय घ्यायला नको वाटतं त्यायला." आणि माना डोलल्या. मी तिथं खरं बोलून आणखी मोठा होत चाललो होतो. शेवटी सरपंचानं विचारलं, "काय हो आत्या? खरं हाय का ह्ये?"

सगळे तिच्याकडं वळले. ती काठीवर भार देऊन उठली. गुडघे मोडले तसा आवाज झाला.

"खरं हाय. पळाट्या त्यानं लावल्या, म्या हालवल्या." मग माझ्याकडं पाहून तोंडभर हसली, दोनच दात उरले होते. "पण त्यानं लावल्याच नसत्या तर म्या काय हालवलं असतं? त्येचं बी थोडं हायेच."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. गणपत हसला नाही. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्याचे केस आता पांढरे झाले होते.

"नारळ म्या फोडला व्हता," तो म्हणाला. "तुझ्या घराला वाडी देताना. म्या."

"हो," मी म्हणालो.

तो वळून चालायला लागला आणि मला वाटलं, गेला. सरपंचानं काठी मागवली, वळणावरची पहिली वाडी मोजली आणि कौसाआत्याच्या नावानं चार कोपऱ्यांना दगड ठेवले. तेवढ्यात गणपत परत आला. हातात फावडं होतं. ते त्यानं माझ्या हातात दिलं.

"आमची पोरं पुण्याला अन् म्या म्हातारा. वेलाचे खड्डे कोण खांदील? उतर."

आज तिथं वाळूच उरलेली नाही. धरणाला अडवलं, वाळू उपसून नेणाऱ्या टिप्परना कुणाला अडवता आलं नाही, आणि आता पात्रात नुसता खडक दिसतो. कौसाआत्याही नाही. गावातल्या लोकांना खरं ठाऊक आहे, पण बाहेर अजून जुनीच गोष्ट चालते. गेल्या साली एका स्मरणिकेत माझा फोटो पुन्हा छापून आला, खाली तीच ओळ. म्हणून हे लिहून ठेवलं. पण मला मोजणीची ती सकाळ शेवटपर्यंत सांगायची आहे, कारण माझ्या आयुष्यातली तेवढी एक सकाळ मी कुणालाही न घाबरता आठवू शकतो.

मी धोतर नेसणारा नव्हतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आखणी गणपतनं करून दिली. मी खणायला लागलो. हातभर खोल गेलो तोवर तळहात सोलवटले. थांबून विचारलं, "बस का?"

गणपतनं वाकून तळाची वाळू मुठीत घेतली आणि मूठ उघडली. ती बोटांतून निसटून खाली पडली. "कोरडी हाय. खांद."

मी खणत राहिलो. त्यानं दोनदा आणखी पाहिलं, दोनदा नाही म्हणाला. घाम डोळ्यांत जात होता. वरून लोक काही बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग फावड्याला लागलेली वाळू काळपट दिसली आणि ती खाली न पडता तशीच चिकटून राहिली, तरी मी खणतच होतो.

"ए भास्कर!" कौसाआत्या काठीनं माझ्या खड्ड्याची कड ठोकत ओरडली. "टरबूज लावायचं हाय, इहीर न्हाई पाडायची. बस कर आता. लागली ओल."